पोटरीतलं मांस सतत उडतंय, ७ आठवडे झाले. कुणाला असा अनुभव आहे का?

अर्धीझोप

मंडळी, पोस्ट लांबणार आहे हे आधीच सांगतो, कारण रात्रीचे अडीच वाजलेत आणि मांसाबरोबर झोपही उडालेली आहे.

साधारण ८ आठवड्यांपूर्वी डाव्या डोळ्याची खालची पापणी लवायला लागली. हे सगळ्यांनाच कधी ना कधी होतं म्हणून सोडून दिलं आणि आठवड्याभरात ती थांबलीपण. ती थांबते ना थांबते तोच डाव्या पोटरीत सुरू झालं. दुखत नाही, गोळा येत नाही, नुसतं आतून कुणीतरी टिचक्या मारतंय असं वाटतं, किंवा कातडीखाली किडा वळवळतोय म्हणा. निरखून बघितलं तर दिसतंसुद्धा, छोटासा उंचवटा वर येतो आणि जातो. मग उजव्या पोटरीत, मग मांडीत, दंडात, एकदा तर नाकाच्या बाजूला, आणि गेल्या आठवड्यात हाताचा अंगठा आपला आपणच हलताना बघितला, तेव्हा मात्र टरकली. चालताना किंवा काम करताना काहीच नसतं. खुर्चीत टेकलो किंवा अंथरुणावर आडवा झालो की मैफल सुरू.

आता मूर्खपणा असा केला की फोनवर शोधलं. पहिल्याच पानावर एएलएस, मोटर न्यूरॉन डिसीज, नसा मरतात, स्नायू वाळतात, औषध नाही. तेव्हापासून रोज सकाळी मी टाचांवर चालून बघतो, मग चवड्यांवर, मग एका पायावर उड्या. शर्टाची बटणं एका हाताने लावून बघतो. टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या तर डावी १ सेंटीमीटरने कमी भरली, त्या दिवशी ऑफिसात डोकंच चाललं नाही. आरशासमोर जीभ बाहेर काढून बघतो, ती थरथरते. फोनमध्ये पोटरीचे ३७ व्हिडिओ आहेत. बायको म्हणते पोटरीपेक्षा तुझं डोकं जास्त उडतंय.

बाकीची माहिती म्हणजे वय ३४, वजन तेवढंच आहे, दोन महिने कामाचा भयंकर लोड, झोप ४-५ तास, कॉफी दिवसाला ५-६ कप (हो, माहीत आहे), आणि त्यातच पळायलाही सुरुवात केली होती. डावा पाय जड वाटतो पण जिना चढतो. फॅमिली डॉक्टरांनी बघितलं, स्ट्रेस आहे म्हणाले, व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. दोन मिनिटांत आटपलं सगळं, त्यामुळे समाधान काही झालेलं नाही.

विचारायचं हे आहे की असं कुणाला झालंय का, किती दिवस चाललं, आणि ईएमजी (स्नायूत सुई घालून त्यातली वीज तपासतात ती टेस्ट) करून घ्यावी का?

पडीक_वाचक

एरवी नुसता वाचत असतो, आज तुमच्यासाठी लॉगिन केलं.

मला ६ वर्षं झाली. बरोबर वाचलंत, ६ वर्षं. सुरुवात अगदी तुमच्यासारखी, पापणी, पोटरी, मग सगळं अंग. न्यूरॉलॉजिस्टने तपासून नाव सांगितलं बिनाईन फॅसिक्युलेशन सिंड्रोम, म्हणजे मांस उडण्याचा (फॅसिक्युलेशनचा) निरुपद्रवी प्रकार. अजूनही उडतं, महिना-महिना काही नसतं आणि एखादा आठवडा जागरण झालं की तळपायात टकटक सुरू. हातपाय ठणठणीत आहेत, गेल्याच महिन्यात घर शिफ्ट केलं, कपाटं मीच उचलली.

एकच सांगतो, ते व्हिडिओ काढणं बंद करा. व्हिडिओ काढायला तुम्ही पोटरीकडे टक लावून बसता आणि ती उडायची वाट बघता. मी वही ठेवली होती, तासाला किती वेळा उडलं ते लिहायचो. वही बंद केल्यावर निम्मं कमी झालं. खरंतर उडणं कमी झालं की माझं मोजणं, ते आजही सांगता येणार नाही.

सुईवाली

मी डॉक्टर नाही, पण ईएमजीच्या लॅबमध्ये ११ वर्षं टेक्निशियन आहे, मशीन लावणं, नर्व्ह कंडक्शन (हलके शॉक देऊन नसा तपासणं) करणं हे माझं काम, सुई डॉक्टर घालतात. तुमच्यासारखे पेशंट आठवड्याला एकतरी येतात आणि बरेचसे फोन हातात धरूनच येतात, "हा व्हिडिओ बघा" म्हणून. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी हे उडतं म्हणजे काय होतं ते. मणक्यातल्या मज्जारज्जूतून एक नस निघते आणि स्नायूत पोचल्यावर तिला फांद्या फुटतात. एकेक फांदी एकेका तंतूला. ही एक नस आणि तिचे सगळे तंतू मिळून एक मोटर युनिट. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका नसेवर मोजके तंतू असतात, पोटरीत हजाराच्या वर. नेहमी वरून हुकूम आला की ही युनिटं चालतात. फॅसिक्युलेशनमध्ये एखादं युनिट हुकमाशिवाय आपलं आपणच सुटतं, आणि बऱ्याचदा ही ठिणगी नसेच्या अगदी टोकाला, स्नायूजवळ पडते. तेवढेच तंतू आखडतात म्हणून कातडीखाली उंचवटा दिसतो पण अख्खा पाय काही हलत नाही. अंगठ्याचे स्नायू लहान, हलवायचं हाडही हलकं, त्यामुळे तिथे एखादं युनिट सुटलं तरी बोट हललेलं दिसतं. लोक त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात.

कमी झोप, टेन्शन, कॉफी, नवीन व्यायाम या सगळ्यांनी नसेची टोकं चिडखोर होतात. तुम्ही चारही एकदम केलंत! चालताना जाणवत नाही याचं कारण स्नायू वापरात असला की ते थांबतं किंवा झाकलं जातं. आडवं झालं की पुन्हा सुरू, आणि तेव्हा लक्ष द्यायला दुसरं काही नसतंच.

आता सुईबद्दल. मशीनला स्पीकर असतो, स्नायूतली वीज आवाजात ऐकू येते. फॅसिक्युलेशनचा आवाज म्हणजे सुटे टपोरे थेंब, टप्प, मग शांतता, मग परत टप्प. जिथे नस खरोखर तुटत असते तिथे फिब्रिलेशन ऐकू येतं, पत्र्यावर पावसाची रिपरिप असते तसं, एकसारखं. ते एकेका तंतूचं असतं, बाहेरून कातडीवर दिसत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे डेनी-ब्राउन आणि पेनीबेकर या डॉक्टरांनी १९३८ मध्येच लिहून ठेवलंय, त्याआधी दोन्हीला सर्रास एकच नाव वापरायचे. शिवाय स्नायू थोडा आवळायला सांगतात, त्यात युनिटचा आकार कळतो. काही नसा मेल्या असतील तर उरलेल्या नसा त्यांचे अनाथ तंतू दत्तक घेतात आणि मग युनिटं मोठी दिसतात. नुसते टपोरे थेंब आणि बाकी सगळं नॉर्मल असेल तर डॉक्टर सुई काढतात आणि जेवायला जातात.

तुमच्या घरगुती टेस्टबद्दल. जीभ बाहेर काढली की सगळ्यांचीच थरथरते, माझीपण. डॉक्टर जीभ बघतात ती तोंडात आरामात पडलेली असताना. पोटऱ्या कुणाच्याच सारख्या नसतात आणि टेप बोटभर वर-खाली धरली तरी १ सेंटीमीटरचा फरक पडतो. टाचांवर आणि चवड्यांवर चालणं मात्र चांगली टेस्ट आहे, पण ती तुम्ही रोज पास होताय, मग रोज का देताय?

पाय जड वाटणं आणि पाय न उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एएलएसमध्ये माणसाला बहुतेक वेळा आधी "जमत नाही" दिसतं. पाऊल लोंबतं आणि चप्पल अडकते, किल्ली फिरवता येत नाही, बोलणं जड होतं, गिळताना ठसका लागतो, अंगठ्याच्या बुडाशी खड्डा पडतो. आणि ते दर महिन्याला वाढत जातं. कितीतरी जणांना स्वतःचं मांस उडतंय हे माहीतच नसतं, डॉक्टरच दाखवतात. नुसतं अंगभर इकडेतिकडे उडतंय आणि ताकद शाबूत आहे, असा तो आजार सहसा येत नाही. सहसा म्हणतेय, कारण क्वचित एखाद्याला उडणं आधी सुरू झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून जमत नाही असं काही नवीन दिसलं तर परत दाखवायचं.

थायरॉइडवाली

सगळे मिळून धीर देताय ते छान आहे पण मी थोडी कडू बोलते. मलाही "स्ट्रेस आहे" म्हणूनच परत पाठवलं होतं. पापणी, दंड, मांड्या उडायच्या, हात बारीक थरथरायचे, छाती धडधडायची, भूक तर एवढी आणि वजन मात्र उतरत होतं. चार महिने मी स्वतःला टेन्शन घेऊ नकोस म्हणत होते. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी थायरॉइडची टेस्ट लिहून दिली आणि ती पार वर गेलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्यावर हळूहळू सगळं बंद.

म्हणून अर्धीझोप, ईएमजी होईल तेव्हा होईल, आधी साधं रक्त तपासून घ्या. थायरॉइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, किडनी. कुठली औषधं चालू असतील तर तीपण डॉक्टरांना सांगा, दम्याच्या पंपाने आणि काही झोप घालवणाऱ्या औषधांनीसुद्धा असं होतं. निरुपद्रवी हे नाव शेवटी लावायचं असतं, बाकीचं तपासून झाल्यावर. आधीच लावलं तर तो आळस झाला.

आणि स्वतःच्या मनाने मॅग्नेशियमचे डबे आणू नका, कमी नसेल तर फायदा होईलच असं नाही, पोट मात्र बिघडतं. किडनी कमजोर असेल तर ते धोक्याचंही आहे.

पडीक_वाचक

थायरॉइडवाली यांना +१. माझंही रक्त आधी तपासलं होतं, लिहायचं राहिलं.

तिसरं_वर्ष

मेडिकलला आहे आणि तुमची अख्खी पोस्ट मी वर्षभर जगलोय, फक्त माझ्याकडे ३७ व्हिडिओंच्या जागी जाडजूड पुस्तक होतं. न्यूरॉलॉजीची पोस्टिंग लागली, एएलएसचा पेशंट बघितला, रात्री होस्टेलवर माझा दंड उडायला लागला. दोन दिवसांत रूममेटचापण. हसू नका, हा एवढा कॉमन प्रकार आहे की ऑस्ट्रेलियातल्या न्यूरॉलॉजिस्टनी २०१३ मध्ये त्यावर पेपर लिहिला, डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी यांना स्वतःचं मांस उडताना दिसलं की एएलएसच्या भीतीने झोप लागत नाही, त्याला नावही दिलंय, फॅसिक्युलेशन अँग्झायटी सिंड्रोम. म्हणजे रोज हेच बघणारी माणसंसुद्धा सुटत नाहीत, तर तुमची काय कथा.

मला ज्याने खरा आराम पडला तो अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा १९९३ चा पेपर. बिनाईन फॅसिक्युलेशनचं निदान झालेल्या १२१ लोकांना त्यांनी नंतर गाठलं, कुणाला २ वर्षांनी, कुणाला थेट ३२ वर्षांनी. एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झाला नव्हता. एकालाही नाही. मी ते वाक्य प्रिंट काढून टेबलावर चिकटवलं होतं. आता गंमत बघा, चार दिवस बरं वाटलं आणि पाचव्या दिवशी डोक्यात आलं की मी १२२ वा असेन. तेव्हा कळलं की दुखणं दंडात नाहीये. कॉलेजच्या काउन्सेलरकडे गेलो, चार-पाच वेळा बोललो. दंड अजून उडतो अधूनमधून, मी बघत नाही.

सुईवाली, पत्र्यावरच्या पावसाबद्दल आम्हाला सरांनीपण हेच सांगितलं होतं, पण जेवायला जातात हे नव्हतं सांगितलं :)

टकाटक

उडणं आणि गोळे येणं यात फरक काय? मला पोटरी उडते आणि रात्री जबरी गोळेपण येतात, ओरडत उठतो. धागा पळवत नाहीये, जाताजाता कुणी सांगितलं तर बरं.

सुईवाली

@टकाटक, गोळा म्हणजे स्नायू आखडून दगड होतो आणि दुखतो, मांस उडताना दुखत नाही. दोन्ही एकत्र असतात अशा प्रकाराला क्रॅम्प-फॅसिक्युलेशन सिंड्रोम म्हणतात, तोही सहसा निरुपद्रवीच आणि बिनाईनचा थोरला भाऊ म्हणा. गोळे फारच छळत असतील तर डॉक्टर कार्बामॅझेपिन किंवा गाबापेंटिनसारखी नसा शांत करणारी औषधं देतात. त्यांनी झापड येते, त्यामुळे नुसतं उडतंय म्हणून कुणी सहसा देत नाही. गोळा आल्यावर पावलाचा चवडा हाताने स्वतःकडे ओढा, पोटरी ताणली की सुटतो. पण दाखवून घ्या, त्यालाही रक्त तपासणी लागतेच. बाकी नवा धागा काढा, इथे आधीच एक रुग्ण आहे.

अर्धीझोप

१६ दिवसांनी परत आलोय, उत्तर द्यायला उशीर झाला.

आधी रक्त तपासलं. थायरॉइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळं नॉर्मल. थायरॉइडवाली, तुमच्यामुळे हे केलं, थँक्यू. मग न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. आधीच्या डॉक्टरांसारखं दोन मिनिटांत आटपतील असं वाटलं होतं, पण पाऊण तास तपासलं. ढकला, ओढा, बोटं फाकवा, मी दाबतो तुम्ही अडवा. गुडघ्यावर, घोट्यावर, कोपरावर हातोडी. तळव्यावर किल्लीसारखं काहीतरी ओढलं आणि अंगठा खाली वळला, म्हणाले असाच वळला पाहिजे. जीभ बघितली, तोंडातच ठेवायला सांगितली, तेव्हा सुईवालींची आठवण आली. मग पोटरी उघडी करून पाच मिनिटं नुसतं बघत बसले, आणि तेवढ्या वेळात ती एकदाही उडली नाही! इतके आठवडे उडणारी पोटरी नेमकी त्या पाच मिनिटांत चिडीचूप. मी व्हिडिओ दाखवले. तीन बघितले आणि म्हणाले पुरे.

म्हणाले ताकद, रिफ्लेक्स, स्नायूंचा आकार, सगळं व्यवस्थित आहे, मला ईएमजीची गरज वाटत नाही, पण तुम्हाला शांत झोप लागणार असेल तर करू. मी करा म्हटलं, लाज वाटली पण म्हटलं. शॉक लागतात ते काही विशेष नाही, पोटरीत सुई घालतात तेव्हा मात्र जाणवतं. आणि स्पीकरवर ऐकलं, टप्प. बराच वेळ काही नाही. टप्प. रिपरिप कुठेच नव्हती. रिपोर्टमध्ये पोटरीत फॅसिक्युलेशन आहेत, बाकी अभ्यास नॉर्मल, असं लिहिलंय.

कॉफी एकदम बंद केली तर दोन दिवस डोकं फुटायची वेळ आली, म्हणून आता हळूहळू उतरवतोय, दोन कपांवर आलोय. झोप सहा तास. उडणं थांबलेलं नाही, कमी आहे, कालच मांडीत तासभर चाललं होतं. पण तिसरं_वर्ष यांचं ते १२२ व्याचं वाचून हसलो, कारण रिपोर्ट हातात असताना मला वाटलं होतं की सुई दुसऱ्या जागी घालायला हवी होती. बायकोला सांगितलं तर तिने रिपोर्ट कपाटात ठेवून चावी स्वतःकडे घेतली. सहा महिन्यांनी परत दाखवायला सांगितलंय.

आता एकच प्रश्न राहिला. पळणं परत सुरू करू का? डॉक्टरांना विचारायचं विसरलो. पळून आलो की उडणं दुपटीने वाढायचं, म्हणून भीती वाटते की आपणच नसा खराब करतोय.

पडीक_वाचक

करा सुरू. व्यायामानंतर वाढतंच, त्याने नसा खराब होत नाहीत, नसांची टोकं तापलेली असतात एवढंच. मीपण वर्षभर पळणं बंद ठेवलं होतं, त्या वर्षी मांड्या खरोखर बारीक झाल्या आणि मग मी त्यालाही घाबरलो. आधी चाला, मग अर्धं चालणं अर्धं पळणं, आणि संध्याकाळी उशिरा पळू नका, पळून आल्या आल्या आडवं झालं की फार जाणवतं. पाणी प्या. डॉक्टरांना फोन करून विचारून ठेवलंत तर आणखी बरं.

सुईवाली

वरच्याला अनुमोदन. आणि सुई कुठे घालायची ते आम्ही ठरवून घालतो हो.

अर्धीझोप

सॉरी सॉरी :) फोन केला होता, डॉक्टर म्हणाले खुशाल पळा. उद्या सकाळी चालण्यापासून सुरू करतो. टेप बायकोने आधीच लपवलीय.